तांबड्या लोकरीची वायर

सातारा परिसर,
छ. संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

चि. बिभीषण यास,
बानाबाई आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलतोस, आणि माझे कान त्यातलंही निम्मंच घेतात. म्हणून पत्र. सांगतीय मी, लिहितीय तुझी बहीण. प्रांजली मधीमधी हसती, तिकडं लक्ष देऊ नको.

तुझ्या बापानं, हनुमाननं, टीव्ही आणलाय. लई मोठा. भिंतीवर टांगला, पण अजून आंधळाच हाय. जेवण झाल्यावर मी त्याच्यासमोर बसते. काळ्या काचेत खिडकी दिसती, खिडकीत लिंब हलतो, आणि डोळा लागला की मेंढरं एकामागं एक काचेत शिरतात. आवाज नाय, धूळ नाय.

उस्मानपुऱ्याचा पुंजाराम वायरमन येऊन गेला. चित्राची पेटी खाली फळीवर ठेवायची आणि चित्र भिंतीतल्या वायरीनं वर टीव्हीत न्यायचं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी दोन टोकांना लावायच्या दोन डब्या त्याच्याकडं हायेत. पण टीव्हीमागचं झाकण काढलं तर नऊ वर्षांमागं घर बांधताना तू टाकलेल्या तीन वायरी निघाल्या. तिन्ही करड्या, तिन्ही सारख्या. एकीला काळी लोकर बांधलेली, एकीला पांढरी, एकीला तांबडी. कोणती कुठं जाती? हनुमाननं डोकं खाजवलं. मला इचारलं तर मी म्हटलं, अडाणी बाईला काय ठाऊक, ते बिभीषणलाच ठाऊक.

आता पुंजाराम म्हणतो, छिन्नीनं भिंत फोडून नवी वायर टाकू. त्या भिंतीचा गिलावा तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, दुखत्या गुडघ्यांनी स्वतः घोटलाय. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तू दहाव्याला आलास आणि तेराव्याला गेलास. जेवलास तेही त्या भिंतीकडं पाठ करून. मी बघत होते.

तेव्हा काय ते लवकर कळव. माया हाय तेवढी ठेव, वाढवलीस तर ठेवायला जागा हाय.

तुझी आजी
बानाबाई (अंगठा)

भुज
२० जानेवारी २०२५

ती. आजीस,
बिभीषणचा शि. सा. न.

आधी महत्त्वाचं. भिंत फोडू देऊ नको. काळी लोकर म्हणजे खालच्या फळीकडं जाणारी वायर. पुंजारामच्या डब्या तिच्याच दोन टोकांना लावायच्या. पांढरी वर गच्चीत जाते. तिन्हींत करंट नाही, वीज वेगळ्या पाईपातून नेली आहे, तेव्हा घाबरू नको. साध्या मीटरनंसुद्धा हे दहा मिनिटांत कळतं. त्याच्याकडं मीटर नाही का?

तांबडीचं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

ती अंगणाखालून फाटकापर्यंत जाते. आप्पांना खाटेवरून उठायला त्रास व्हायचा, आणि राहिलेल्या दोन मेंढ्या फाटकाजवळ बांधलेल्या असायच्या. तिथं कॅमेरा लावायचा आणि त्यांना पडल्या पडल्या टीव्हीत त्या दाखवायच्या, असं माझ्या मनात होतं. अचानक दाखवू म्हणून कुणाला बोललो नाही. मग वायरींच्या टोकांना पट्टी चिकटवून नावं लिहायची वेळ आली, तर आप्पा लोकर घेऊन बसले. मी गवंड्यांसमोर हसलो. म्हटलं, “आप्पा, ही भिंत हाय, मेंढरांचं वाडगं नाय.” त्यांनी मान खाली घालून वायर धरली. आठ दिवसांत त्यांनी दोन्ही मेंढ्या विकल्या.

आता तिकडं कॅमेऱ्यात दाखवायला काय उरलंय? तांबडी तशीच राहू दे.

घरात सगळ्यांना नमस्कार. माझ्याकडून कमी पडलं असेल ते तू पदरात घे.

तुझा
बिभीषण

छ. संभाजीनगर
२९ जानेवारी २०२५

चि. बिभीषण यास,
आजीचे आशीर्वाद, आणि यावेळी थोडा मारही. वि. वि.

तुझं पत्र प्रांजलीनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा लई हळू वाचलं. आता मी सांगते ते तू तसंच वाच.

पुंजारामकडं मीटर हाय. पहिल्याच दिवशी त्यानं ते पिशवीतून काढलं. मीच त्याला चहा पाजून घरी पाठवला. छिन्नीची गोष्ट मी माझ्या पदरची घातली. काळी खाली, पांढरी वर, हे मला कुणी सांगायला नको. लोकर मी कातलेली, गाठी मी मारलेल्या. आप्पांनी नुसत्या वायरी धरल्या होत्या. तुझ्या हातचं चार ओळींचं पत्र यावं म्हणून मी तुझ्या बापाला सतरा दिवस आंधळ्या टीव्हीसमोर बसवला. त्याला आज हे कळलं, तो गच्चीवर जाऊन बसला.

मेंढ्या तुझ्या हसण्यानं विकल्या नाहीत रे. आप्पांचे गुडघे गेले होते, आणि माझ्यानं चारा-पाणी व्हायना. गिऱ्हाईक तू हसायच्या आधीच ठरलं होतं. आणि ते रागावले नव्हते. गवंडी गेल्यावर ते स्वतःच हसले. म्हणाले, पोरगं खरं बोललं, पण मला वाचता येत नाय, मग मला कळंल अशी खूण नको का?

तांबडी लोकर कुणाची ते तुला ठाऊक नसंल. वेरूळच्या डोंगरात आप्पा मेंढरं न्यायचे, तेव्हा धुकं पडलं की एक तांबडी मेंढी पुढं व्हायची आणि सगळा कळप तिच्या मागं घराला लागायचा. ती मेल्यावर तिची मूठभर लोकर त्यांनी डब्यात ठेवली होती. तुझी वायर फाटकाकडं जाती हे त्यांनी बघितलं होतं. कशाला, ते त्यांनी इचारलं नाय आणि तू सांगितलं नाय. मला एवढंच म्हणाले, “फाटकाच्या वायरीला तिचीच बांध. ती घरी आणती.”

म्हणजे नऊ वर्षं तू जे ओझं घेऊन फिरतोस, ते तुझं नव्हतंच.

टीव्ही आज लावून घेते. काळजी घे, आणि आजीला लबाड म्हणायचं असंल तर इथं येऊन म्हण.

बानाबाई (अंगठा)

भुज
८ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न.

लबाड.

कॅमेरा आणि त्याची पेटी कुरिअरनं पाठवली आहे. पुंजारामला तांबडी जोडायला सांग. रजेचा अर्ज दिलाय. बाकी लिहायला बसलो की पुढं लिहवत नाही.

बिभीषण

छ. संभाजीनगर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. बिभीषण यास,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

काल पुंजारामनं तांबडी जोडली. लोकर काढू का म्हणाला, मी नाय म्हटलं. आता एक बटण दाबलं की टीव्हीत आपलं फाटक दिसतं. प्रांजलीला मालिका बघायची असती, हनुमानला बातम्या. पण दुपारभर रिमोट माझ्याकडं. लिंबाची सावली येती, सरकती. शेजारच्या भामाबाईची कोंबडी येऊन जाती. भामाबाई म्हणती, मी बाहेर ओट्यावर बसून हेच फुकट बघते. तिला काय सांगायचं.

मधीच डोळा लागतो. मग दोन मेंढ्या फाटकाशी बांधलेल्या असतात, आणि आप्पा खाटेवरून म्हणतात, चित्र चांगलं आलंय. जाग आली की फाटक रिकामं असतं, पण ऊन तेच असतं.

या चित्राला आवाज नाय, तेव्हा तू फाटकात येऊन काही बोलू नको. नुसता उभा राहा. मला उठायला वेळ लागतो. तुझं ताट टीव्हीसमोर वाढीन. यावेळी भिंतीकडं तोंड करून जेव.

ओढ इथं तेवढीच हाय, तिथलीही सुटू देऊ नको.

तुझी वाट टीव्हीत बघणारी
बानाबाई (अंगठा)