जंगूचे दिवस

प्रिय पुनम,

अक्षर ओळखून तू हा कागद बाजूला ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेवू नको, बये. माझ्यावर काय राग काढायचा तो पुढच्या महिन्यात काढ, आज आधी वाच. सकाळचे साडेसात झालेत. सुजलेला पाय उशीवर ठेवून आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेय आणि खालच्या नाल्याचं पाणी उतरायची वाट बघून राहिलेय. इथले म्हातारे नाईक, म्हणजे वस्तीचे मुख्य, सारखे काठी रोवून पाणी मोजून राहिलेत. कमरेखाली आलं की चार माणसं बाज खांद्यावर घेतील. त्या बाजेवर त्यांची सून जंगू आहे, नववा संपलेली, बाळ पोटात आडवं, अंगात रक्त साडेसहा. पलीकडं नांदेडला तुमच्याकडं न्यायची गाडी येऊन थांबलीय म्हणतात. नाईक स्वतः टेकडीवर चढून फोन करून आले. रेंज तिथंच मिळते, तीही तिची मर्जी असली तर.

तीन वर्षं झाली मला या पोडावर येऊन. किनवटच्या डोंगरात सागाच्या जंगलात कोलामांची एकतीस घरं, कुडाच्या भिंती, मधोमध चावडी, आणि एका कडेला माझं दोन खोल्यांचं उपकेंद्र. उदगीरहून निघाले तेव्हा अम्मी रडली होती, अब्बा म्हणाले होते की सहा महिन्यांत बदली करून घे. मी अर्जसुद्धा लिहून ठेवला होता, तो अजून पेटीत तसाच आहे. इथं पिण्याचं पाणी दरीतल्या झऱ्यावरून आणावं लागतं. उतरायला सोपं, पण चढताना डोक्यावर दोन हंडे असले की छाती फुटते. मी दोनदा आणून बघितलं, तिसऱ्यांदा गेले नाही. जंगू लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज पाच खेपा करते. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलीय, मराठी सगळं समजतं, पण परक्या माणसासमोर तोंडातून अक्षर निघत नाही. माझ्याशी मात्र लई बोलते. मी नमाजाला बसले की दाराबाहेरच्या पोरींना दटावून गप्प करणारी हीच. कशाला गं करतेस म्हटलं, तर तोंडावर हात ठेवून हसते.

आता माझी अक्कल ऐक. इथं पाळी आली की बाई वस्तीच्या कडेला वेगळ्या झोपडीत बसते. ती झोपडी पाडा म्हणून मी चावडीवर तीनदा भाषण ठोकलंय, जसं काही मी कलेक्टरच. पण पोरी तारखा सांगायला लाजतात, म्हणून मी आपली सोय केली होती. झोपडीत कोण कधी बसलं, ते ओट्यावरून दिसतं, ते वहीत टिपून ठेवायचे. कोण बसायची थांबली की तिथून महिने मोजायचे. कुणाला विचारायला नको, कुणाला लाजायला नको. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी या वहीचं कौतुक केलं तेव्हा मी किती फुगले होते, काय सांगू तुला.

त्या वहीप्रमाणं जंगूला आज सातवा. पोट मोठं लागत होतं, हाताला कळत होतं गं. मी काय केलं, जुळं असेल असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. सोनोग्राफीला न्यायच्या दिवशी नाला भरला, पुढच्या तारखेलाही भरला. रक्त कमी होतं, पण दोन महिने हातात आहेत, इंजेक्शनं देऊन वाढवू, असं मी मनाशी धरून बसले. आज पहाटे तिची सासू बोलवायला आली. पोट मधूनमधून दगडासारखं होतंय म्हणाली. तपासलं तर बाळाचं डोकं एका कुशीला, वजन भरलेलं. मी ओरडलेच जंगूवर, खरं सांग म्हणून. तेव्हा तिनं सांगितलं. पहिले दोन महिने पाळी आलीच नव्हती, तरी ती झोपडीत जाऊन बसली होती. मळमळ व्हायची, हंडे उचलवत नव्हते. आणि झोपडीत बसलेल्या बाईला पाणी आणायला, कांडायला कुणी सांगत नाही. चार दिवस नुसतं आडवं पडता येतं. हे सांगताना हसली गं ती, आणि मला माझी तिन्ही भाषणं आठवली.

लातूरला नर्सिंगच्या होस्टेलवर तू मला म्हणायचीस, जेबाला वही दिली की पेशंट नसला तरी चालतं. मी चिडायचे. तू सुईला घाबरणारी, शिरूर अनंतपाळच्या डब्यातली चटणी सगळ्या मजल्याला वाटणारी, तुला काय कळतं असं मला वाटायचं. तुझ्या हाताला मात्र तेव्हापासून कळत होतं. बाई बोलण्याआधी तू तिच्या पाठीवर हात ठेवलेला असायचा.

मी स्वतः सोबत निघाले होते. घाईघाईत उतरणीवर पाय मुरगळला, की मोडला कुणास ठाऊक, टेकवतच नाही. बाज उचलणाऱ्यांनी एकीला न्यायचं की दोघींना? सासू सोबत येतेय, तिला कोलामीशिवाय काही येत नाही. नवरा आदिलाबादकडं कामाला गेलाय, त्याला निरोप पोचला नाही. सारखं काठीकडं बघतेय. आत्ता नाईकांनी दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन बोटं पाणी उतरलं. या अल्ला, दोनच बोटं.

आता जे चौदा महिने लिहिलं नाही, ते लिहिते. मारूबाई आठवते ना, जंगूची मोठी जाऊ, बीपी वाढलं म्हणून मी नांदेडला तुझ्या वॉर्डात पाठवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता गाठोडं घेऊन निघून आली, वाटेत रिक्षात बाळंत झाली, लेकरू गेलं. मी तुला फोनवर नको नको ते बोलले. चौकशीत मला विचारलं तेव्हा लिहून दिलं की वॉर्डातल्या वागणुकीला घाबरून ती पळाली. नोटीस तुला निघाली, आणि त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस. पुनम, ती पळाली नव्हती. ती जायला तयारच नव्हती, म्हणून मी तिला सांगितलं होतं की फक्त दोन दिवस, दोन दिवसांनी तू घरी. पेशंटला समजावताना आपण बोलतो तसं बोलले होते. इथली माणसं शब्द दिला की शब्द धरतात. दोन दिवस झाले आणि ती उठून आली. हे मला तिनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी गप्प बसले.

दवाखान्याची सरकारी चिठ्ठी सासूकडं आहे, ती डॉक्टरांना दे. हे पत्र मी आता जंगूच्या पदराला बांधणार आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला सोडू द्यायचं नाही असं बजावलंय. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा ती तुझ्या समोर आहे. इथवर वाचलंस ते बस झालं, आधी तिला आत घे. जमलं तर पुरुष येत-जात नाहीत अशा कोपऱ्यात खाट दे, सासूला जवळ बसू दे, आणि पाठीवर हात ठेव. रक्ताची सोय लगेच बघ. सोबतचा दुसरा कागद नंतर उघड. मारूबाईचं सगळं खरं त्यात लिहून सही केलीय, तुझ्या साहेबांना दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. बाजेवर निजताना जंगूनं मला विचारलं, किती दिवस? दोन दिवस हे शब्द अगदी ओठावर आले होते गं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पुनम सांगेल तेवढे.

तुझीच,
जेबा