‘राहू द्या’ नावाचं बटण

६ मार्च, सोमवार
झालं ते असं:
१. दवाखान्याच्या अॅपमधलं, डॉक्टरांची वेळ रद्द करण्याचं पान मी एकटीने पूर्ण केलं.
२. प्रश्न: ‘ही वेळ रद्द करायची?’ बटणं दोन: ‘रद्द करा’ आणि ‘राहू द्या’.
३. डेव्हलपरने विचारलं, बाहेरच्या कोणाला दाखवलंस का. मी म्हटलं, मराठीच तर आहे.
४. मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. म्हणजे एकमत.

पान नीट चाललं तर पुढचं मोठं काम, औषधांची आठवण करून देणारा भाग, माझ्याकडे. मॅनेजर तसं म्हणालेत. मला तो हवाच आहे. तसं दाखवायची गरज नाही.

संकल्प: टीममध्ये मिसळायचं. बुधवारपासून.

७ मार्च
डेव्हलपर पुन्हा म्हणाला, हेल्पलाइनच्या ताईंना दाखव, पेशंटचे फोन दिवसभर त्याच घेतात. बघते म्हटलं. म्हणजे नाही. त्याला कळलं असावं.

जेवताना आईने विचारलं, अजून वाढू का. राहू दे म्हटलं. तिने भांडं आत नेलं. आमचं कमी शब्दांत भागतं. टीममध्येही असंच हवं.

८ मार्च
मिसळले. कॅन्टीनमध्ये टीमच्या शेजारच्या टेबलावर बसले.

१३ मार्च, सोमवार
पान सुरू झालं. डॉक्टर वाट बघत बसलेत, पेशंट येत नाहीत. पेशंट म्हणतात, आम्ही तर रद्द केलं होतं.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, अगं बाई, एक आजोबा फोनवर भांडतायत. यायचं नव्हतं म्हणूनच ‘राहू द्या’ दाबलं म्हणे, याहून सभ्यपणे नाही कसं म्हणायचं?

पेशंटना प्रशिक्षण द्यायला हवं. डेव्हलपरने विचारलं, तुझ्या घरी नको असलं की काय म्हणतात. प्रश्न खाजगी होता.

१४ मार्च
त्या दोघांनी खुर्च्या जोडून बसून बटण बदललं: ‘नाही, मी येणार आहे’. फारच लांब. तक्रारी थांबल्या. योगायोग असू शकतो.

संध्याकाळी मॅनेजरनी बोलावलं. म्हणाले, औषधांचं काम तुझ्या नावावर लिहून ठेवलं होतं, आता त्याचं काय करायचं? विनवण्या करणं माझ्या स्वभावात नाही. शांतपणे म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, बरं, समजलं. प्रौढ माणसं अशी बोलतात.

१५ मार्च
फळ्यावर औषधांच्या कामापुढे डेव्हलपर आणि ताई. माझं नाव पुसलेलं, पण वाचता येतं.

ताईंना विचारलं. म्हणाल्या, तूच राहू द्या म्हणालीस ना गं.

मॅनेजरना मेल लिहिली. पाठवण्याआधी ताईंना वाचून दाखवली. ‘माझा शब्द स्पष्ट होता’ हे वाक्य त्यांनी काढायला लावलं. डेव्हलपरला हसू आवरेना. उरलेली मेल अशी:

‘काल मी “राहू द्या” म्हटलं ते “माझ्याकडेच राहू द्या” या अर्थाने. काम मला हवं आहे. त्या दोघांबरोबर करायची तयारी आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर कळवावं.’