खिडकीवर सांगायचं नातं

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. सहा वर्षांनी लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी मागते. मध्यंतरी लिहायला बसलेच नाही असं नाही. पण ‘कसा आहेस’च्या पुढचं वाक्य सुचत नसे आणि कागद तसाच राही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे हातानं लिहून पानांचे फोटो आईच्या फोनवर पाठवते आहे. ती तुझ्या हातात फोन देईल. तुझी साखर आटोक्यात आहे आणि वहिनीनं गाण्याचा क्लास पुन्हा लावला, हे तिच्याकडून कळलं. बरं वाटलं.

इथे थंडी सुरू झाली आहे. मी कपडे धुण्याच्या दुकानात बसले आहे. नाण्यांवर चालणारी यंत्रं भिंतीला लागून उभी आहेत, आणि माझ्या यंत्रात मास्तरचे दोन पायजमे आणि एक चादर फिरते आहे. हो, नवऱ्याला मी अजून मास्तरच म्हणते. नाव तू ठेवलंस, तेही टोमणा म्हणून, पण त्याला ते आवडतं हे तुला कधी कळलं नसेल. पहिल्या आठवड्यात यंत्रात नाणी टाकताना मी त्यांचे आपल्याकडचे किती होतात ते मनात मांडायचे. आता मांडत नाही. मांडलं की कपडे न धुताच परत न्यावेसे वाटतात.

त्याच्या आजाराबद्दल आईनं तुला मोघम सांगितलं असेल. मी नीट सांगते, कारण तुला ते माहीत असावं लागणार आहे. पाठीच्या कण्यात, कमरेच्या थोडं वर, गाठ आहे. कर्करोगाची नाही, पण ती मज्जारज्जूवर दाब देते आहे. आपल्याकडच्या दोन डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला, आणि इथल्या डॉक्टरांचं नाव त्यांनीच सुचवलं. वसंत ऋतूत डाव्या पायाला मुंग्या येत होत्या. आता त्या पायाला काही कळत नाही. परवा गरम पाण्याची पिशवी पावलाला टेकून राहिली आणि कातडी भाजून निघाली. त्याला पत्ता नव्हता. वास मला आला.

ऑपरेशन सोमवारी आहे. उरलेली रक्कम गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरली नाही, तर तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल, आणि पुढची मिळेल ती उन्हाळ्यात. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत दुसराही पाय जाईल. हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

तू लोकांना परदेशी नेऊन आणण्याचा धंदा करतोस, तेव्हा पैशाचं काय झालं ते तुला अर्ध्या वाक्यात कळेल. निम्मे पैसे आम्ही निघताना बदलून आणले. निम्मे माझ्या खात्यात ठेवले. निवडणुकीचा निकाल लागला, की स्थिर सरकार येईल, बाहेरचा पैसा परत फिरेल आणि आपलं चलन वधारेल, मग उरलेले स्वस्तात बदलू, असा मास्तरचा हिशोब होता. निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही. पुढचं तू तिथे पाहिलंच आहेस. अर्थमंत्री दोनदा बदलले, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला, आणि इथल्या एका नोटेला आपले दुपटीहून जास्त पैसे लागू लागले. मग नव्या सरकारनं परकीय चलनावर माणशी मर्यादा घातली. निघताना आणलेले पैसे त्यात धरले, आणि आम्हा दोघांची मर्यादा तिथेच संपली.

आमच्या खोलीसमोर पैसे बदलण्याचं दुकान आहे. रोज सकाळी तिथली बाई फळ्यावर देशांच्या नावापुढे आकडे लिहिते. गेल्या सोमवारी आपली ओळच नव्हती. माझ्याजवळ घरच्या थोड्या नोटा होत्या, त्या मी खिडकीतून आत दिल्या. तिनं उष्टं ताट सरकवावं तशा परत सरकवल्या. ‘यांचं मी काय करू?’ म्हणाली. चिडून नाही, खरंच विचारत होती.

आता मुद्द्यावर येते. उपचारासाठी सरकारनं वेगळा सवलतीचा दर ठेवला आहे, जवळजवळ जुनाच. त्या दरानं बदलले तर खात्यातले पैसे पुरतात. बाजारातल्या दरानं बदलले तर निम्म्यालाही येत नाहीत. सवलत मिळते ती जवळच्या नातेवाइकाच्या मर्यादेतून, आणि त्यानं बँकेत स्वतः जावं लागतं. मी आपल्या शाखेत फोन केला.

“समोर येऊन सांगायचं, पेशंट आपला कोण लागतो ते,” कारकून म्हणाला.

“पेशंटच्या बायकोचा भाऊ चालेल?”

“चालेल की. पण साहेब चार प्रश्न विचारतात. आजार काय, कधीपासून, करतात काय. बाई, हल्ली लोक भाड्यानं काका आणतात. काल एकाला पुतण्याचं नावच आठवेना.”

मास्तरला भावंडं नाहीत, आईवडील गेले. आई तिच्या गुडघ्यांमुळे बँकेचा जिना चढू शकत नाही. उरतोस तू. तुझा एक पैसाही नको आहे. माझे पैसे उद्या सकाळी तुझ्या खात्यात येतील. हवी आहे ती तुझी मर्यादा, आणि खिडकीवर उभं राहून म्हणायचं एक वाक्य: ‘पेशंट माझे मेहुणे आहेत.’

मला ते जेवण आठवतं, दादा. त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं होतं, यंदा परदेशी जाऊ नका, आपलं चलन घसरणार. तुझ्या सहलीतल्या लोकांनी भराभर नावं मागे घेतली, आणि चलन वर गेलं. तुझं नुकसान झालं, त्यानं साधं ‘चुकलो’ म्हटलं नाही. मग तू सगळ्यांसमोर म्हणालास, “मास्तर, आमटीत मीठ कमी पडणार आहे का, तेवढंही भविष्य सांगून टाका.” वहिनी हसली, मीही हसले. तो पानावरून उठला. दारात तू म्हणालास, या माणसाशी माझं कसलंही नातं नाही. त्यानं ते मनावर घेतलं आणि तू पाळलंस. आता बँकेला नेमकं तेच विचारायचं आहे.

इथपर्यंत लिहून थांबले होते. यंत्र बंद पडल्यासारखं वाटलं म्हणून उठले, तर धुणं संपलं होतं. ओले कपडे मांडीवर घेऊन पुढचं लिहिते आहे. ते न लिहिता पत्र पाठवलं, तर मी तुला फसवल्यासारखं होईल.

निकालाच्या आधी आईचा फोन आला होता. तुला ठाऊक आहे, तूच करायला लावला होतास. ती म्हणाली, “दादा म्हणतोय, निकालाची वाट बघू नका, सगळे पैसे आजच बदला. माझं नाव सांगू नकोस म्हणालाय, पण मला कुठलं बाई चलनातलं कळतंय?” मी हसले आणि बरं म्हटलं. मास्तरला काहीच सांगितलं नाही.

का, हे मी डायरीत बऱ्याचदा लिहून पाहिलं. आधी लिहिलं, सल्ला तुझा म्हटल्यावर त्यानं ऐकलाच नसता. ते मी खोडलं. तुझं नाव न सांगता सांगता आलं असतंच. खरं असं आहे, की त्याआधी चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. कॉलेज सुटलं, चालणं सुटलं, बोलणंही तुटक झालं. आणि त्या आठवड्यात तो उशा लावून उठून बसला. औषधांच्या पाकिटांवर आलेख काढायचा, मला जवळ बोलवायचा. “हे बघ, इथे लोक घाबरून विकतात, इथे परत घेतात.” जेवायला मागत होता, दादा. मला वाटलं, चार दिवस असू दे असा. तो बरोबर आहे असं मला वाटत होतं का, हे मी स्वतःला आजही विचारते. मला वाटतं, मी तो प्रश्न तेव्हा मनात येऊच दिला नाही.

आता तो रोज म्हणतो, “माझं भाकीत मला भोवलं.” आणि मी त्याला ते म्हणू देते. त्याला सावध करणारा निरोप आला होता आणि तो माझ्याकडेच अडला, हे त्याला माहीत नाही. हे पत्र पाठवलं की त्याला सांगेन. आधी सांगितलं तर पाठवू देणार नाही. त्यानं परत जायचं ठरवलंच आहे.

“शुक्रवारची तिकिटं आहेत, परत जाऊ,” सकाळी म्हणाला. “चाकाच्या खुर्चीत बसूनही शिकवता येतं. नाहीतरी मुलं माझ्या पायांकडे बघत नव्हती.”

“आणि दादाला विचारलं तर?”

“त्यांच्या तोंडून खोटं का वदवायचं? त्यांनी नातं नाही म्हटलंय.”

तुला तो अजून ‘त्यांनी’ म्हणतो.

बँक चारला बंद होते. साहेबांनी विचारलं तर तो अर्थशास्त्र शिकवतो, वय एकोणपन्नास, त्रास एप्रिलपासून. त्याला मीठ कमी लागतं, हेही सांगितलंस तरी चालेल. वाक्य जड वाटलं तर माझ्याकडे बघून म्हण. नाहीच जमलं, तर मी तुझ्यावर राग धरणार नाही असं लिहायचं होतं, पण ते खरं होईल की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझी धाकटी बहीण,
आणि त्याची बायको

ता. क. डायरीत दुसऱ्या दिवसाचं काम शेवटी लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. तुझ्या उत्तराची वाट न बघता आजचं लिहिलं आहे, ते इथेही उतरवते.

उद्या: शुक्रवारची तिकिटं रद्द करणे.