‘येतो’ म्हणून निघालेल्यांची बस

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, दुपार

प्रिय शेखरराव यांस,

रायपूरहून शालिग्रामचा सप्रेम नमस्कार. पुढे ‘वि. वि.’ लिहायची आपली रीत आहे. त्यातलं विशेष आधी सांगतो, विनंतीचं मागाहून पाहू. तुमचं पित्त कसं आहे? मंजिरीवहिनींनी तुमची तर्री बंद केली असं कळलं. चांगलं केलं. तरी तुम्ही बिलासपूर स्टेशनसमोरच्या टपरीवर उभं राहून समोसे खाता, ही बातमी मी त्यांना अजून दिलेली नाही (का राखून ठेवली आहे ते पत्राच्या शेवटी ध्यानात येईल). माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, आणि त्यावरून बोलणारं घरात कोणी उरलं नाही. तुमची ताई होती तोवर जेवताना मला शांतता हवी असायची. आता भरपूर आहे, आणि ती मला सोसत नाही.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही विचाराल. एक तर फोन ऐकतो. ही म्हाताऱ्याची शंका नाही, तुमच्याच चिरंजीवांनी पगार घेऊन केलेली व्यवस्था आहे. दुसरं असं की, तुमच्या पियुषला मराठी कळत असलं तरी हातानं लिहिलेलं मराठी त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं दिसतं. तेव्हा हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी आपल्या दोघांतच राहील.

पियुष काय काम करतो ते तुम्ही नातेवाइकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर उरकता. तो इथे आत्याच्या घरी राहतो, म्हणून मला जास्त माहीत आहे, आणि जास्त माहीत असण्यात काही सुख नाही. नव्या राजधानीत एका मोठ्या थंडगार खोलीत त्यांनी दुसरं रायपूर बसवलं आहे. ते मशीनच्या आत आहे. त्यात आपलेच रस्ते, आपलेच चौक, भनपुरीचे ट्रक, तेलीबांध्याचा तलाव, आणि प्रत्येक माणसाचा एक ठिपका. आधी त्या रायपुरात माणसं कुठे जातील ते मशीन पाहतं आणि मग आपल्या रायपुरात सिग्नल सोडतं, बस पाठवतं. म्हणजे खरं काय ते तिकडे ठरतं, आणि आपण इकडे त्याप्रमाणे चालतो. मशीन आपलं आपण शिकतं, असं पियुष अभिमानानं सांगतो. रस्ता अडला की त्यातून शिकतं आणि दुसऱ्या दिवशी तो मोकळा करून दाखवतं. शिकलेलं विसरत नाही. (मी विचारलं, विसरायला कोण शिकवतं? तर म्हणाला, “फूफाजी, आप खाना खाओ।”)

तर या मशीनला सवय व्हावी म्हणून पियुषने आमची गल्ली निवडली. गल्लीत बहुतेक घरं आपल्या मराठी लोकांची, कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी प्लांटमधून. सगळे त्याला लहानपणापासून ओळखतात, नाही म्हणणार नाहीत. करायचं एवढंच होतं: घरातून निघताना फोनसमोर दोन शब्द बोलायचे. मशीनला हिंदी येतं, छत्तीसगढीही चांगलं येतं, मराठी ते हिंदीच्या अंदाजानं घेतं. आम्ही सगळ्यांनी ते मनापासून केलं. शेजारचे धर्मपाल तर फोनला आधी जयभीम घालत, मग बोलत. आणि बोलायचो काय? घराबाहेर पडताना आपण जे बोलतो तेच. “येतो बरं का.”

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. मशीनच्या आलं नाही. त्यानं ऐकलं, ‘आता हूँ’. सकाळी गल्लीतून निघणारं प्रत्येक माणूस त्याच्या लेखी गल्लीकडे येत होतं. भाजीला गेले ते येत होते, देवळात गेले ते येत होते, नागपूरला लग्नाला गेले तेही येत होते. आमच्या गल्लीतून कोणी कधी जात नव्हतं. झालं असं की भल्या सकाळी रिकाम्या बस आमच्या गल्लीत यायला लागल्या. यायच्या, दार उघडायच्या, कोणी उतरायचं नाही, थोडं थांबून दार लावायच्या आणि निघून जायच्या. दयाराम नावाच्या चालकाला मी एकदा हटकलं, तर तो शांतपणे म्हणाला, “मसीन कहत हे सवारी उतरही, त उतरही। मैं का जानंव?” पुढे पुढे त्या मशीनच्या हिशेबात गल्लीत एवढी माणसं साठली की खालच्या कोणत्या तरी कचेरीनं पाण्याचे जादा टँकर पाठवले, मग डासांसाठी धूरफवारणीची गाडी पाठवली. धर्मपाल फाटकात उभे राहून म्हणाले, “काहून हो शालिग्रामभाऊ, एवढे लोकं येऊन राहिले म्हणते, मंग त्यायच्यासाठी चहा कोन करून राहिलं?” आम्ही खूप हसलो. घरात आल्यावर मात्र मी समोरच्या खोलीत दिवा लावला. खोली रिकामी आहे एवढी खात्री करून घ्यायची होती.

आता जरा नीट सांगायचं ते सांगतो. तुमची ताई पद्मिनी गेली तो दिवस तुम्हाला मी फोनवर जेमतेम सांगितला होता. तेलीबांध्याला तिच्या भजनाच्या बायकांचा कार्यक्रम होता. उंबऱ्यात चपला घालत मला म्हणाली, “येते हो मी, दूध गॅसवर आहे, ध्यान ठेवा.” मग फोनला म्हणाली, “येते रे बाबा. तेलीबांध्याला चालली. घुटने दुखून राहिले माझे, पायरी खाली घ्यायला सांग बसवाल्याले.” (फोनशी ती माझ्यापेक्षा गोड बोलत असे.) तलावाकाठी भजन झालं, टाळ्या झाल्या, आणि ती बाकावर बसली ती उठलीच नाही. दवाखान्यातून आम्ही तिला परस्पर मारवाडी घाटावर, स्मशानात नेलं. घरी का आणलं नाही, हे तुम्ही तेव्हा विचारलंत. तेव्हा डोकं चालत नव्हतं, शेखरराव. दुधाचं म्हणाल तर ते उतू गेलं.

या सगळ्यातलं काहीच मशीनला कोणी कळवलं नाही. त्यानं ‘येते’ आणि ‘तेलीबांधा’ एवढंच धरलं होतं; त्याच्या लेखी एक बाई तेलीबांध्याहून चौबे कॉलोनीला ‘येते’ म्हणाली आणि पोहोचली नाही. ही गोष्ट मला कळली ती धर्मपालमुळे. ते एका संध्याकाळी घडी चौकात उभे होते. दिवेलागणीला तेलीबांध्याकडून एक रिकामी बस आली. तिच्यापुढे एकेक सिग्नल हिरवा होत होता आणि आडव्या रस्त्याची सगळी गर्दी मुकाट खोळंबली होती, असं ते म्हणाले. पाटीवर गावाचं नाव नाही, नुसतं ‘आरक्षित’. चौकाच्या पुढे ती एका वरातीत अडकली, दिवे मालवले आणि परत फिरली. मी पियुषला विचारलं. त्यानं लॅपटॉप उघडला, पाहिलं. मग आत्याचा ठिपका मला दाखवला. बसच्या आतच होता, चालकाच्या मागच्या सीटवर. बसमध्ये ती नेहमी तिथेच बसायची.

मशीन तिला आणायचा प्रयत्न करत होतं. रोज बस काढायचं, रोज कुठे तरी अडायचं, आणि काय अडलं ते शिकायचं. वरातीचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी वरात दुसऱ्या रस्त्यानं वळवली. शास्त्री चौकात ट्रक आडवा आला, तर त्यानंतर संध्याकाळी भनपुरीचे ट्रक भनपुरीतच थोपवायला लागलं. जयस्तंभ चौकात मात्र बस बरेच दिवस अडकली आणि मशीनला कारण सापडेना. मला सापडलं. शेजारी मालवीय रोड, साड्यांची दुकानं, आणि तुमची ताई. हे मी पियुषला सांगितलं तेव्हा तो हसला आणि मग रडायला लागला. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं.

त्या रात्री त्यानं चूक शोधून काढली. मला म्हणाला, “फूफाजी, आप लोग जाते वक्त ‘आता हूँ’ क्यों बोलते हो?” मी सांगितलं की आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘जातो’ म्हटलं की घरातली म्हातारी माणसं ओरडायची, येतो म्हण मेल्या. जाणं हे क्रियापद आपण एकाच कामासाठी ठेवलं आहे आणि तेही माणूस स्वतः वापरत नाही, मागे राहिलेले त्याच्याबद्दल वापरतात. पियुषने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग सोपं आहे. एका ओळीचं काम आहे. ‘येतो’ म्हणजे ‘जातो’ असं मशीनला एकदा सांगितलं की सगळी गल्ली सुधारेल. सोमवारी करतो म्हणाला.

माझी याला पूर्ण संमती आहे. विज्ञानाच्या आड मी येणार नाही. रेल्वेच्या कचेरीत उभा जन्म गेला माझा, चुकीच्या गाडीला हिरवा कंदील दाखवू नये एवढं मलाही कळतं. शहरातल्या एवढ्या लोकांना रोज संध्याकाळी खोळंबा, आणि कोणासाठी? हे योग्य नाही, असं मी धर्मपालना म्हणालो. ते म्हणाले, “बराबर हाय.” मग आम्ही दोघं स्कूटर काढून तात्यापाऱ्याच्या चौकात गेलो, बस तिथवर पोहोचते का ते पाहायला. पोहोचली. काल शनिवारी तर आझाद चौक ओलांडून आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. दयाराम या आठवड्यात दिसत नाही, दुसराच कोणी चालवत असावा. काचेवर उजेड पडतो, चेहरा दिसत नाही. धर्मपालनी काल लगेच स्कूटर वळवली. फाटकाशी एवढंच म्हणाले, “भाऊ, मी उद्या येत नाही पाहायले.”

असो. इकडची हालहवाल ही अशी. थंडी पडायला लागली आहे. मंजिरीवहिनींना सांगा की सांडगी मिरच्या संपल्या, कोणी येणारं असलं तर पाठवा. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तुम्हाला जो हवा तो घ्या.

आपला,
शालिग्राम

ता. क. मिरच्या नाही पाठवल्या तरी चालेल.

ता. क. दुसरा. वर संमतीचं लिहिलं ते खोटं आहे. हे पत्र संध्याकाळच्या गाडीच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पाठवतो आहे, रात्रीपर्यंत तुमच्या हाती पडेल. विनंती ही: पियुष उद्या, सोमवारी, ती ओळ बदलणार आहे. त्याला आज रात्रीच फोन करून बिलासपूरला बोलवा. छातीत दुखतं म्हणा, पाय मुरगळला म्हणा, मुलगी पाहायला जायचं आहे म्हणा (हे उत्तम, यावर तो भाडं न विचारता निघेल). निदान दोन दिवस अडकवून ठेवा. त्यानं ते केलं की तिकडच्या रायपुरातही पद्मिनी ‘गेली’ अशी नोंद होईल. सगळ्या जगानं मला सांगून झालं आहे, शेखरराव, ती गेली म्हणून. एकच जागा उरली आहे जिथे ती यायची आहे. ती मला बुजवू द्यायची नाही. फोन केला नाहीत तर समोशांचं वहिनींना कळेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा उघडलं. पियुष आत्ता बाहेरून आला. मी सहज विचारावं तसं विचारलं, बाबा, उद्या किती वाजता करशील ते? तो म्हणाला, “कौन सा? वो तो मैंने पिछले सोमवार को ही कर दिया, फूफाजी।” मी हा सोमवार धरून बसलो होतो. सकाळच्या रिकाम्या बस या आठवड्यात आल्या नाहीत हे मला आता आठवतं. मला वाटलं चालकांचा संप आहे. मी म्हटलं, मग संध्याकाळची? त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. ठिपका नाही. त्या रस्त्यावर संध्याकाळी कोणतीच बस नाही, आठवडाभर नाही. मी काल पाहिलेल्या बसचं त्याला सांगितलं नाही. तो आंघोळीला गेला आहे.

दिवेलागणी झाली. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला म्हणून खिडकीशी गेलो. आमच्या फाटकासमोर आहे. इथे थांबा नाही. दार उघडलं, आणि म्हाताऱ्यांसाठी वाकते तशी ती फाटकाच्या बाजूनं हळूच खाली वाकली. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला उतरायला लागेल एवढा वेळ तशीच राहिली. मग वजन उतरल्यासारखी वर उचलली आणि निघून गेली.

पियुषला बोलावू नका, आता गरज नाही. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या. भीती वाटते हे खरं आहे, पण त्याहून जास्त तिचा धाक वाटतो. वर्ष होत आलं, पलंगाखालून केर काढलेला नाही, आणि फाटकाची कडी आत्ताच वाजली.