दोन टेकड्यांवरचा एक पक्षी

१२ मार्च

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. म्हणजे, नमस्कार. सप्रेमचं नंतर बघू.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. तू पक्षी-संशोधन संस्थेची संचालक झालीस हे ती शेजारपाजारी सांगत फिरते. अभिनंदन.

आठवतं, पहिला पक्षी तूच माझ्या मुठीत दिला होतास? "घट्ट आवळू नकोस गं, जीव आहे त्याला." तोच हिरवा, चिमणीएवढा. मोठ्या टेकडीवर तो, लहान टेकडीवरही तोच, पीस न् पीस सारखं. मी दोन्हीकडच्या पक्ष्यांच्या रक्ताचे थेंब तपासले आणि निकाल घेऊन आधी तुझ्याकडे धावले. लाखो वर्षं ते एकमेकांत मिसळलेलेच नाहीत, वेगळेच आहेत! तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "छापून येईपर्यंत कुठे बोलू नकोस." मी तोंडाला कुलूप लावलं. वेडीच मी.

गेल्या आठवड्यात लहान टेकडीवर गेले, तर यंत्रं लागलेली. खाणीसाठी झाडं पाडत होते. मी वनाधिकाऱ्यांशी भांडायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या ताईंनीच खाणीला परवानगी देणाऱ्या समितीत सांगितलंय ना, हा पक्षी पलीकडे भरपूर आहे म्हणून. इथले पकडा आणि तिकडे सोडा."

दुसरं कुणी असतं तर अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण तुला माहीत होतं, ताई! मला गप्प बसवलंस आणि त्या खुर्चीसाठी स्वतः खोटं बोललीस. केसाने गळा कापलास माझा.

सापडले तेवढे पक्षी मी जाळ्यात धरून मोठ्या टेकडीवर सोडले. काय करणार? त्यातला एक नर सकाळभर गात होता. तिथलीच एक मादी शेजारच्या फांदीवर बसली होती, तिने मानसुद्धा वळवली नाही. त्याचं गाणं तिच्या ओळखीचंच नव्हतं. मी झाडाखाली बसून रडले.

अर्धी टेकडी अजून उभी आहे. माझे निकाल आज समितीकडे पाठवले. ते तुला आधीच दाखवले होते, हेही लिहिलंय.

आईला काही बोलले नाही. ती अजून म्हणते, तुम्ही दोघी पाठमोऱ्या असलात की कोणती कोण ते कळत नाही.

दिसायला तुझ्यासारखीच,
धाकटी