अक्कांच्या बाजूचे टाके

७ फेब्रुवारी

पेटी उपसली. ह्यांचे विटलेले कुर्ते, आमच्या मनीषाचा शाळेतला निळा स्कर्ट, माझ्या दोन साड्या ज्यांचे फक्त पदर धड आहेत. सगळं पलंगावर. हे दारातूनच म्हणाले, "आज झोपायचं कुठे?" म्हटलं, ओसरीत. गेले मुकाट.

यंदाची गोधडी जुईसाठी. पोरगी जूनमध्ये इंदूरला होस्टेलात चालली. तिला हवं होतं बाजारातलं फुगलेलं काहीतरी. "काकूआजी, होस्टेल में सब लडकियां हसतील ना." हसू देत. थंडीत त्याच तुझ्या गोधडीत शिरतील.

अक्कांना फोन केला. नातीचं काम, म्हणून लगेच हो म्हणाल्या. नाहीतर जाऊबाईंचे नखरे काय कमी असतात.

११ फेब्रु.

तळाला साडी कमी पडत होती. बोहारीण आली तर तिच्या गाठोड्यातली जांभळी नऊवारी दिसली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. स्टीलचा डबा देऊन ती घेतली. बोहारीण म्हणते, "बाई, लोक मला साड्या देतात अन् भांडी नेतात. तुम्ही माझा धंदा उलटा करून राहिल्या."

नवं कापड मी गोधडीत घालत नाही. अंगाशी मऊ लागतच नाही ते. शिवाय सासूबाई म्हणायच्या, गोधडीत माणसं पाहिजेत, दुकान नको.

१६ फेब्रु.

अक्का बहादरपूरहून सकाळच्या ऑटोनं आल्या. सोबत केळ्यांची फणी आणि जुई. तळ अंथरला, थर लावले, वर ठिगळं. जुई मध्येच बसून हुकूम सोडतेय, "वो निळावाला पीस बीच में ठेव." ठेवला. तिच्या मनीषाआत्याचा स्कर्ट आहे म्हटल्यावर वास घेऊन पाहिला पोरीनं.

मग आम्ही दोघी समोरासमोर. तिकडच्या काठावरून त्या, इकडून मी, दोघी मध्याकडे. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच बसतो. मी दोऱ्याला गाठ मारून सुरू करते. अक्का कधीच नाही. जागच्या जागी उलटसुलट दोन टाके घेतात आणि पुढे. "गाठ झोपणाऱ्याले टोचते, विमल." मी म्हणते, बिनगाठीचं उसवतं. हा वाद आम्हा दोघींबरोबरच संपायचा.

२२ फेब्रु.

अक्कांच्या ओळी बागेतल्या पाटासारख्या वळत चालल्यात. एक टाका तांदळाएवढा, दुसरा वालाएवढा. आणि सुई ओवायला माझ्याकडे दिली. "आजकाल सुईचं नाकच बारीक करतात मेले." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हसल्या.

पण ह्याच अक्कांनी मला टाका शिकवला. त्यांची ओळ बघून पट्टी सरळ आहे का ते ठरवावं, अशी. आळस करतायत आता. गप्पांत लक्ष.

२३ फेब्रु.

दुपारी एकटीनं बसून अक्कांच्या दोन ओळी उसवल्या आणि परत घातल्या.

दुसरीचा टाका उसवू नये, असं आमच्याकडे आहे. सासूबाईंचा नियम. तिनं जे मनात धरून घातलेलं असतं ते निघून जातं म्हणे. सासूबाई तर बुधवारी केस धुवू नये असंही म्हणायच्या. जुईची गोधडी होस्टेलात पन्नास पोरी बघणार. वाकडीतिकडी दिसली तर नाव कोणाचं जाईल?

अक्कांना कळायचं कारण नाही. धागा तोच, रंग तोच.

३ मार्च

आता रीतच पडली. त्या येऊन घालतात, मी दुसऱ्या दिवशी काढते. आज ह्यांनी पाहिलं. "रिटायर झालीस ना गं? अजून लाल पेन सुटलं नाही?" म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. वाचला, पण उलटा धरून. मला चिडवायला.

गोधडी दिसतेय मात्र सुरेख.

१० मार्च

आज वाईट झालं.

अक्का आल्या, बसल्या. बोलता बोलता गोधडीच्या खालून हात फिरवत होत्या. मध्येच थांबल्या. परत फिरवला. एका जागी बोट टेकवून म्हणाल्या, "माझ्या बाजूले गाठी कुठून आल्या व?"

माझ्या हातातला चहा तसाच. जन्मभर वर्गात पोरांना खोटं बोलू नका शिकवलं, आणि तोंडातून काय निघालं तर, "जुन्या साडीतल्या असतील."

"साडीत गाठी राह्यतात?"

चहा घेतला, बशी धुऊन पालथी घातली, माझ्या घरी कधी धूत नाहीत. दुपारचं जेवण न करताच ऑटो धरली. मी दारापर्यंत गेले. वळूनही पाहिलं नाही.

गाठ. माझी खोड ती. एवढं सगळं जपून केलं आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी आपली सही करून ठेवली. शहाणी.

१४ मार्च

फोन केला. "गुडघे दुखतात." बरं.

मी काय वाईट केलं? चांगलंच केलं की. त्यांच्याच नातीचं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. दिवसभर स्वतःशीच भांडतेय.

२१ मार्च

परत फोन. सूनबाईंनी उचलला. "आई झोपल्या." सकाळी दहाला?

हे म्हणाले, "जाऊन ये." म्हटलं, मी का जाऊ, लहान मी आहे, रागवायचा हक्क त्यांचा, मान्य, पण एवढा? हे म्हणाले, "बरोबर. नको जाऊ." ह्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

गोधडी घडी करून ठेवली. एकटीनं पुरी करता येईल, चार दुपारींचं काम. सुई घेऊन बसलेही. समोरची बाजू रिकामी, तिथे कोणी खाकरत नाही, "ओढू नको माझ्याकडचं" म्हणत नाही. उठले.

२८ मार्च

जुई आली. "काकूआजी, आजी ने गोधडी मंगवायी है."

"का गं?"

"मेरेको क्या पता. बोली, घेऊन ये."

दिली. थैलीत घालताना हात सुटत नव्हता. वाटलं, संपलं. आता आमच्यात सणावारापुरतं उरेल, या बसा, घ्या निघा. तेवढ्यावर जगणाऱ्या जावा गल्लोगल्ली आहेत. पण आमचं तसं नव्हतं. मनीषाच्या वेळी बाळंतपणात माझं अंग सुजलं होतं तेव्हा माझे पाय मांडीवर घेऊन बसायच्या अक्का. मला आई नव्हती तेव्हा.

रडले थोडी. लिहायला काय लाज.

६ एप्रिल

गेले शेवटी. बहादरपुरात शिरताच ऊन मी म्हणत होतं. अक्का पडवीत, गोधडी मांडीवर पसरलेली, जवळ दोऱ्याच्या तुकड्यांचा ढीग. मी घातलेली एकेक ओळ उसवून काढली होती. फक्त त्यांच्या बाजूची. माझ्या बाजूच्या टाक्याला हात लावलेला नाही. आणि उसवल्या जागी काहीच नाही, नुसती भोकांची रांग.

मला आधी रागच आला. म्हटलं, "एवढं उसवलं तर घातलं का नाही परत?"

"उसवाले डोये लागत नाही. बोटानं होते. घालाले लागतात."

मग हळूहळू सांगितलं. काचबिंदू आहे. दिवाळीपासून ठाऊक आहे, मुलाला आणि त्यांना, बस. गेलेलं येत नाही, उरलेलं थेंबांवर टिकलं तर टिकलं. कडेचं सगळं गेलंय, समोर नळीतून पाहावं तेवढं दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात तेही असेल की नाही.

"जुईची म्हून बसली होती मी. आता होईन तेवढी. वाकडी तर वाकडी. तू तेही काढून टाकलं."

म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"तुले सांगतलं असतं तर तू मले सुई धरू देली असती?"

नसती दिली. मला माहीत आहे, नसती दिली. चहा करून आणला असता, उशी दिली असती पाठीला, आणि सगळी गोधडी स्वतः शिवली असती.

माफी मागितली. "हाव," म्हणून मान हलवली. तेवढंच. जेवून जा, असं म्हणाल्या. भरीत-भाकरी. जेवले.

९ एप्रिल

आता मी जाते तिकडे. ऑटोत उकडून जीव जातो पण त्यांना नको तेवढा प्रवास. गेल्यावर पहिलं काम, सुया ओवून ठेवायच्या, पुरत्या दुपारभराच्या. बिनगाठीच्या. उशीला खोचून देते, हात फिरवला की सापडतात. मग समोर बसते.

अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी. केळीचे भाव, सुनेची तक्रार, एवढंच. चालेल.

१५ एप्रिल

आज मी चुकून बाजू ओढली. "ओढू नको माझ्याकडचं." इतकं बरं वाटलं.

जुईनं गोधडी पाहिली. वाकड्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ये किसने किया?" मग अक्काच म्हणाल्या, "मी. डोये फुटले माझे म्हून." पोरीला पहिल्यांदा कळलं. आधी हसली, थट्टा वाटली तिला. मग आजीच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला, कडेनं. अक्कांनी मान वळवली नाही. पोरगी उठून आत गेली, बराच वेळ आली नाही.

१९ एप्रिल

आज मधल्या निळ्या ठिगळापर्यंत पोचलो. माझी ओळ सरळ आली. अक्कांची वर चढत गेली, चढत गेली, आणि माझ्या ओळीला न भेटता पुढे निघून गेली. त्यांना वाटलं भेटली. बोटानं चाचपलं, माझा टाका सापडेना. दोघींच्या ओळींमध्ये हातभर जागा कोरी राहिली.

माझे हात नुसते शिवशिवत होते. दोन मिनिटांचं काम माझं.

विचारलं, "अक्का, इथे मी घालू?"

कोऱ्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कोनी घातलं ते मले दिसनार नाही आता. तुले पाह्यजे तं घाल."

राग होता का त्यात, परवानगी होती का, की मला पारखत होत्या, कळलं नाही. सुई हातात होती, ओवलेली. त्यांच्याकडे पाहत बसले. त्या माझ्याकडे पाहत होत्या, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं, नजर खांद्याच्या जरा पलीकडे.

सुई तशीच उशीला खोचून आले. उद्या परत जायचं आहे.