ठोके नव्वदच्या वर असल्यास तक्रार घेतली जाणार नाही

दि. ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष,
तापीकाठ सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था,
ता. शिंदखेडा, जि. धुळे

विषय : हजेरी रजिस्टरातील माझ्या ठोक्यांचा रकाना काढून चेनपुलीची साखळी बदलणेबाबत.
संदर्भ : व्यवस्थापक श्री. भूषण देवरे यांनी फळ्यावर लावलेली सूचना (हीच या अर्जाच्या माथ्यावर उतरवली आहे).

महोदय,

१. मी प्रेस खात्यात फिटर आहे. मला बायपोलरचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. धुळ्याच्या डॉक्टरांनी मनगटाला ठोके मोजणारे घड्याळ बांधायला लावले. झोपेतले ठोके चार-पाच दिवस चढत गेले आणि झोप घटली, तर आजाराचा चढ, म्हणजे मन उधळण्याचा काळ, येतोय समजून त्यांना फोन करायचा, एवढेच त्याचे काम. एका आकड्यावर कोणी वेडा ठरत नाही, हे डॉक्टरांचे शब्द.

२. दोन वर्षांपूर्वी चढात मी प्रेस मशीनच्या वाढदिवसाला बँड बोलावला, हे कबूल. त्या बँडपुढे सर्वांत जास्त भूषणभाऊ नाचले. त्यांचे ठोके कोणी घेतले नाहीत.

३. पुन्हा तसे होऊ लागले तर मला सांगा, म्हणून घड्याळाची गोष्ट मी विश्वासाने भूषणभाऊंच्या कानावर घातली. त्यांनी रजिस्टरात रकाना आखला. आता कापसातली कवडी, म्हणजे किडकी बोंडे, वेचणाऱ्या कमलबाईसुद्धा रोज विचारतात, "भाऊ, तुनं घड्याय आज काय म्हनस?" त्या मायेने विचारतात. ऑफिस लिहून ठेवते.

४. दि. २ रोजी चाळीस पायऱ्यांची शिडी चढून चेनपुलीला ग्रीस लावताना साखळीची एक कडी निम्मी झिजलेली दिसली. धावत ऑफिसात गेलो. आकडा ११८. भूषणभाऊ म्हणाले, "तुले चढेल शे. घर जा, निजी जा." शिडी चढलो होतो, हे सांगितले. शिडीला रकाना नाही.

५. अर्धा तास बसून ८४ वर आलो. उत्तर मिळाले, तक्रार ११८ च्या वेळची आहे, ती बाद. दुसऱ्या दिवशी निंबाखाली बसून ७६ केले आणि नव्याने सांगितले. तेव्हा म्हणाले, कडी खरंच तुटायला आली असती तर माणूस ७६ वर राहिला असता का? महोदय, आता मी नेमक्या किती ठोक्यांवर खरे बोलतो, तेवढे लेखी कळवावे.

६. त्या पुलीवर पावणेदोनशे किलोची दाबलेल्या कापसाची गाठ लटकते आणि खाली कमलबाई धरून आठ बाया बसतात. माझ्या सांगण्यावरून त्या चार हात सरकल्या, तर जागा सोडली म्हणून आठही जणींना नोटीस.

७. मला उद्या खरोखर चढ येईल. आजारच तसा आहे. तेव्हाही कडी तेवढीच झिजलेली असेल.

तरी पुली आजच बंद करावी, साखळी बदलावी, नोटिसा मागे घ्याव्यात. वेळ लागणार असेल तर तोवर भूषणभाऊंचे टेबल पुलीखाली मांडावे. त्यांचे ठोके मी फुकट मोजीन.

अर्ज संपवताना माझे ठोके ७२. कमलबाईंनी घड्याळ पाहून शेजारी अंगठा दिला आहे.

उत्तराची वाट पाहणारा, पुलीखाली न उभा राहणारा,
भिकन सुपडू बोरसे

सोबत :
१) चाळीस रात्रींचा ठोक्यांचा तक्ता. डॉक्टरांना दाखवायचा आहे, परत द्यावा.
२) कडीखालून पुसलेला लोखंडाचा चुरा, कागदी पुडीत. पुडी दि. ३ ची आहे. काल तेवढीच दुसरी भरली.